एक कांदा, थोडा लसूण

इंग्रजीत कांदा मोजता येतो आणि लसूण मोजता येत नाही. ‘वन अनियन, टू अनियन्स’ बरोबर. ‘वन गार्लिक, टू गार्लिक्स’ चूक. दोन्ही जमिनीत वाढतात, दोन्हींचे गड्डे होतात, दोन्ही एकाच फोडणीत पडतात. लसणाचे गड्डे बाजारात आपण बोटाने मोजून घेतो, आणि तरीही इंग्रजी व्याकरण सांगते की हा शब्द ‘अनकाउंटेबल’ आहे. शाळेत हे ऐकलेल्या मुलाला प्रश्न पडतो आणि बहुतेक वेळा तो प्रश्न यादी पाठ करण्यात विरून जातो. खाण्याच्या पदार्थांच्या बाबतीत यादी पाठ करणे मला सगळ्यात वाईट उपाय वाटतो. यामागे एक पाहण्याची रीत आहे आणि ती मराठी माणसाला परकीही नाही. फक्त ती इंग्रजीत कुठे उमटते हे सावकाशीने बघायला हवे.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘मोजता येणारे’ आणि ‘मोजता न येणारे’ ही विशेषणे वस्तूला लावली की सगळे बिघडते. पैसे तर आपण रोज मोजतो, पण ‘मनी’ हा शब्द अनकाउंटेबल आहे. म्हणजे इथे वस्तूविषयी काही म्हटलेले नाही. तो शब्द वाक्यात कसा वागतो एवढेच म्हटले आहे. मोजता येणाऱ्या नामाच्या आधी ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ येऊ शकतो, त्याला अनेकवचनाचा ‘स’ लागतो, त्याच्या आधी थेट आकडा बसतो, आणि त्याच्यासाठी ‘मेनी’ आणि ‘फ्यू’ वापरतात. न मोजता येणाऱ्या नामाला यातले काहीच चालत नाही. त्याचे क्रियापद एकवचनी राहते आणि त्याच्यासाठी ‘मच’ आणि ‘लिटल’ हे शब्द राखून ठेवलेले असतात. ‘हाऊ मेनी अनियन्स’, पण ‘हाऊ मच गार्लिक’.

मराठी बोलणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. आपल्याकडे ‘अ’ नाही. ‘मेनी’ आणि ‘मच’ या दोघांचे काम आपला एकटा ‘किती’ करतो: किती कांदे, किती लसूण, किती साखर, किती अंडी. ‘थोडे’ आणि ‘खूप’ यांचेही तसेच. शिवाय तांदूळ, गहू, मूग, तीळ अशा पुल्लिंगी शब्दांचे रूप अनेकवचनात बदलतच नाही. बदल दिसतो तो क्रियापदात. ‘तांदूळ महागला’ आणि ‘तांदूळ निवडले’ या दोन वाक्यांत शब्द तोच आहे, पण पहिल्यात तो एक माल आहे आणि दुसऱ्यात परातीतले दाणे आहेत. हा फरक आपण न शिकता करतो, म्हणूनच तो आपल्या नजरेला पडत नाही.

त्यात भर पडते मराठीत येऊन स्थिरावलेल्या इंग्रजी शब्दांची. बेकरीत जाऊन ‘चार टोस्ट आणि दोन बटर द्या’ म्हणणे हे अस्सल मराठी वाक्य आहे. आपला टोस्ट म्हणजे कडक भाजलेला, बरणीत महिनाभर टिकणारा तुकडा. आणि बटर म्हणजे चहात बुडवून खायचा गोल, कोरडा, खुसखुशीत पाव. दोन्ही सुटे जिन्नस, दोन्ही मोजून घ्यायचे. इंग्रजीत मात्र ‘टोस्ट’ म्हणजे भाजलेला ब्रेड, आणि ब्रेड जसा अनकाउंटेबल तसा टोस्टही: ‘टू स्लायसेस ऑफ टोस्ट’ किंवा ‘सम टोस्ट’. ‘टू टोस्ट्स’ म्हटले तर इंग्रजी कानाला पेला उंचावून दोनदा केलेले अभीष्टचिंतन ऐकू येते. आणि ‘बटर’ तर लोणीच. ते मोजायचे कसे?

ब्रेडचेही तेच. ‘येताना एक ब्रेड आण’ म्हटले की आपल्याकडे अख्खा पुडा येतो आणि ‘सकाळी दोन ब्रेड खाल्ले’ म्हटले की दोन काप समजतात. एकच शब्द आपण दोन मापांना बिनदिक्कत लावतो आणि कोणाचा गैरसमज होत नाही. इंग्रजीने ही कामे वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. पदार्थ म्हणून ‘ब्रेड’, अख्खा नग म्हणून ‘लोफ’, काप म्हणून ‘स्लाइस’. यातला ‘लोफ’ जुना. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ब्रेडला ‘ह्लाफ’ म्हणत. या ह्लाफचा राखणदार तो ‘ह्लाफवेअर्ड’, त्याचा झिजून ‘लॉर्ड’ झाला. आणि ‘लेडी’च्या पोटात हाच ह्लाफ मळणारी बाई आहे. पुढे पदार्थाच्या जागेवर ‘ब्रेड’ येऊन बसला आणि ‘लोफ’ फक्त नगापुरता उरला. आपण पावाच्या बाबतीत ‘लादी’ हा शब्द नेमक्या याच कामाला वापरतो.

आता धान्याकडे वळू, कारण या विषयाचा खरा कस तिथे लागतो. मीठ, पीठ, साखर यांचे कण इतके बारीक की एकेका कणाशी कोणाचाच संबंध येत नाही. ‘सॉल्ट’, ‘फ्लार’, ‘शुगर’ अनकाउंटेबल असणे सहज पटते. दुसऱ्या टोकाला द्राक्षे, बटाटे, आंबे. तेही सरळ आहे, ती मोजायचीच. वाद आहे तो मधल्या पट्ट्यात. तांदूळ अनकाउंटेबल: ‘द राइस इज कुक्ड’. मसूर मात्र काउंटेबल: ‘द लेंटिल्स आर कुक्ड’. मसुराचा दाणा तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो, पण इंग्रजीची रेघ नेमकी या दोघांमधून जाते. राजमा, छोले, वाटाणे हे सगळे रेघेच्या मसुराकडल्या बाजूला. मका पुन्हा अनकाउंटेबल, दाणा चांगला टपोरा असूनही. आणि त्याच्या लाह्या, म्हणजे ‘पॉपकॉर्न’, त्याही तशाच. ‘कॉर्नफ्लेक्स’ मात्र अनेकवचनी.

ही रेघ कायमची ठरलेली नव्हती. वाटाण्याला इंग्रजीत पूर्वी ‘पीज’ म्हणत आणि ते एकवचन होते. शब्दाच्या शेवटचा ‘ज’ मुळातच त्यातला होता. हळूहळू लोकांना तो अनेकवचनाचा ‘स’ वाटू लागला. एका शेंगेत एवढे सुटे गोल दाणे समोर दिसत असताना शब्द अनेकवचनी असणारच, असे त्यांनी धरले असावे. मग 17व्या शतकाच्या सुमारास लोकांनी तो ‘स’ काढून ‘पी’ असे नवेच एकवचन घडवले. जुने रूप ‘पीज पुडिंग’ या डाळीच्या घट्ट पदार्थाच्या नावात आजही शिल्लक आहे. ‘चेरी’ची गोष्टही अशीच. फ्रेंचमधून आलेल्या शब्दाच्या शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून लोकांनी छाटला. व्याकरणकाराला न विचारता बोलणाऱ्यांनी डोळ्यांना जे दिसले त्याप्रमाणे शब्द दुरुस्त करून घेतला, हे मला या इतिहासातले फार मोलाचे वाटते.

पण डोळ्यांचा न्याय सगळीकडे चाललेला नाही. गहू म्हणजे ‘व्हीट’ अनकाउंटेबल, ओट मात्र कायम ‘ओट्स’, अनेकवचनी. शेतात उभी असलेली ही दोन धान्ये, दाण्यांचा आकारही साधारण सारखा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी 1933 साली ‘लँग्वेज’ या ग्रंथात याच जोडीचा दाखला दिला आणि म्हटले की व्याकरणातले वर्ग जगातल्या वर्गांशी जुळतीलच असे नाही. हे मत बराच काळ टिकले. मग मूळच्या पोलिश असलेल्या, ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या आन्ना व्हिएझबिट्स्का यांनी 1985 मध्ये थेट ओट्स आणि गव्हाच्या नावानेच एक निबंध लिहून त्याला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की हा प्रकार मनमानी नाही. दाणे डोळ्यांना सुटे दिसतात का, आपण ते एकेक हाताळतो का, की ओंजळीने आणि चमच्यानेच घेतो, अशा गोष्टींवर हे ठरते. मला हे बरेचसे पटते. द्राक्ष एकेक तोंडात टाकतो, भात घासाने खातो. ओट्सच्या बाबतीत मात्र एवढ्याने माझे समाधान होत नाही. तिथे सवयीचाही वाटा आहे असे वाटते. ओट्सचीच लापशी ‘पॉरिज’ झाली की ती एकवचनी होते, आणि स्कॉटलंडच्या बोलीत तीच पॉरिज पुन्हा अनेकवचनी, तिला तिथे ‘ते’ म्हणतात.

याचे नवल वाटण्याआधी स्वतःच्या स्वयंपाकघरात कान देऊन ऐकावे. ज्वारी दळून आणली, गहू दळून आणले. साबुदाणा भिजवला, पोहे भिजवले. रवा भाजला, तीळ भाजले. डाळ शिजवली, मूग शिजवले. ‘पोहे’ तर इतके पक्के अनेकवचनी की एकच पोहा घेऊन कोणी काही करत असल्याचे ऐकिवात नाही, आणि साबुदाणा आकाराने चांगला गोल, सुटा, मोत्यासारखा असूनही तो एकवचनात भिजतो. खिचडी बिघडली तरच ‘साबुदाणे एकमेकांना चिकटले’ असे म्हणतो, कारण तेव्हा आपले लक्ष सुट्या दाण्यांकडे गेलेले असते. इंग्रजीला गहू आणि ओट्स यांच्यात जी रेघ ओढावीशी वाटली, ती आपण साबुदाणा आणि पोहे यांच्यात ओढली आहे. रेघ वेगळ्या जागी, रीत तीच.

शेवयांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ‘नूडल’ हा शब्द इंग्रजीत जर्मनमधून आला आणि काउंटेबल राहिला: ‘द नूडल्स आर रेडी’. ‘स्पगेटी’ इटालियनमधून आला. इटालियनमध्ये तो अनेकवचनी आहे, एका धाग्याला ‘स्पगेट्टो’ म्हणतात. इंग्रजांना ते ‘ई’कारान्त अनेकवचन ओळखता आले नाही, त्यांनी तो सगळा गुंता एकच पदार्थ मानला आणि म्हणू लागले, ‘द स्पगेटी इज रेडी’. बशीत दोन्ही सारखेच दिसतात. ब्रोकोलीही मूळ अनेकवचन, इंग्रजीत अनकाउंटेबल झाली. ‘पनीनी’ हेही मूळ अनेकवचन, पण ते सँडविच असल्यामुळे एकेक विकले जाते. म्हणून इंग्रजीत ‘अ पनीनी’ आणि वर ‘पनीनीज’ असे दुहेरी अनेकवचन झाले. मूळ भाषेत काय होते याला फारशी किंमत नाही. ताटात तो पदार्थ कसा येतो, यालाच मान आहे.

इथवर आपण एकेका शब्दाचा एकेक स्वभाव धरून चाललो. खरी गंमत याच्या पुढे आहे, कारण कितीतरी शब्द दोन्ही बाजूंना जातात आणि दर वेळी अर्थ बदलतो. ‘आय एट चिकन’ म्हणजे कोंबडीचे मांस खाल्ले. ‘आय एट अ चिकन’ म्हणजे अख्खी कोंबडी संपवली. एका ‘अ’ने पक्षी सगळाच्या सगळा ताटात आला. ‘आय लाइक लॅम्ब’ म्हणजे कोकराचे मटण आवडते; ‘आय लाइक लॅम्ब्स’ म्हणजे कोकरे आवडतात, बहुधा कुरणात बागडताना बघायला. ‘देअर्स एग ऑन युअर शर्ट’ म्हणजे शर्टाला अंडे लागले आहे. ‘देअर्स अ‍ॅन एग’ म्हटले तर शर्टावर सालीसकट एक अंडे ठेवलेले आहे.

तत्त्वज्ञांना या प्रकाराने इतके खिळवून ठेवले की त्यांनी त्यासाठी एक काल्पनिक यंत्रच उभे केले. 1975 साली फ्रान्सिस जेफ्री पेलेटियर यांनी एका लेखात ते मांडले आणि मूळ कल्पनेचे श्रेय डेव्हिड लुइस यांना दिले. हे यंत्र म्हणजे काहीही दळणारी गिरणी. एका तोंडातून मोजता येणारी कोणतीही वस्तू टाका, दुसऱ्या तोंडातून तिचा लगदा बाहेर पडतो; आणि आत जाताना काउंटेबल असलेले नाम बाहेर येताना अनकाउंटेबल झालेले असते. कांदा आत गेला की ‘अ‍ॅन अनियन’, बाहेर आला की ‘सम अनियन’. स्वयंपाकघरातली विळी, किसणी, पाटा आणि मिक्सर हे सगळे व्याकरणाच्या दृष्टीने हीच गिरणी चालवतात.

मराठीत ही गिरणी अगदी जोरात चालते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ‘चार कांदे चिरले’ म्हणतो आणि लगेच पुढे ‘भाजीत कांदा जास्त पडला’ म्हणतो. कांदे चार होते तोवर चार होते. चिरून कढईत गेले की ‘कांदा’ झाला, एकवचनी. ‘टू मच अनियन’ हे इंग्रजी रूप यापेक्षा वेगळे काहीच सांगत नाही. ‘दोन भेंड्या किडक्या निघाल्या’, पण ‘आज भेंडी केली आहे’. ‘तीन बटाटे उकड’, पण ‘रश्शात बटाटा घातला आहे’. इंग्रजी बोलताना अडखळायला झाले, तर आपण हेच मराठीत कसे म्हणू हे मनात म्हणून बघावे. वाक्य ‘कांदा जास्त’ असे येते की ‘कांदे जास्त’ असे येते? पहिले आले तर ‘मच’, दुसरे आले तर ‘मेनी’. भाज्या, फळे आणि अंड्यांच्या बाबतीत हा काटा क्वचितच चुकतो. धान्यांच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. का, ते वर आलेच आहे.

कुटलेल्या बटाट्यावर खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही. ब्रिटनमध्ये ‘मॅश्ड पोटेटो’ म्हणतात, अमेरिकेत ‘मॅश्ड पोटेटोज’. एकाने गिरणीतून बाहेर आलेले पाहिले, दुसऱ्याला आत काय टाकले ते अजून आठवते. दोन्ही बरोबर.

गाय, डुक्कर आणि मेंढी यांच्या बाबतीत मात्र इंग्रजीला गिरणीची गरज पडत नाही. 1066 मध्ये नॉर्मंडीच्या लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या काळात दरबाराची आणि मेजवान्यांची भाषा फ्रेंच झाली. गोठ्यातल्या जनावरांची नावे जुनी इंग्रजीच राहिली, काऊ, पिग, शीप. आणि ताटातल्या मांसाला फ्रेंच नावे मिळाली, बीफ, पोर्क, मटन. वॉल्टर स्कॉट यांनी 1819 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत एका विदूषकाच्या तोंडून हा भेद सांगितला आणि तेव्हापासून तो सर्वतोमुखी झाला. जनावराचा शब्द काउंटेबल, मांसाचा अनकाउंटेबल, चुकायला जागाच नाही. कोंबडी, कोकरू आणि मासा यांना ही दुहेरी नावे मिळाली नाहीत, म्हणून तिथे सगळा भार त्या एवढ्याशा ‘अ’वर येऊन पडतो. आपल्याकडे उलट झाले. बोकड आणि मटण, कोंबडी आणि चिकन अशा जोड्या आपण इंग्रजीतून शब्द घेऊन लावल्या, आणि मटण हा शब्द मेंढीवरून बोकडावर नेला.

गिरणीच्या उलटे काम करणारे यंत्रही आहे. ते द्रव किंवा पीठ घेते आणि त्याचे नग बांधून देते. ‘कॉफी’ अनकाउंटेबल, पण उपाहारगृहात ‘टू कॉफीज, प्लीज’ बिनधास्त चालते, कारण कप गृहीत धरलेला असतो. आपणही ‘दोन चहा, एक कॉफी’ असेच सांगतो. अट एकच, की तिथे त्या पदार्थाचे ठरावीक माप सगळ्यांना ठाऊक हवे. बिअरचा ग्लास, कॉफीचा कप, कोनातले आइसक्रीम यांना ते आहे, म्हणून ‘अ बिअर’, ‘अ‍ॅन आइसक्रीम’. ब्रेडला ते नाही. माप म्हणजे लोफ की स्लाइस हेच कळत नाही, म्हणून ‘टू ब्रेड्स’ तिथे उभे राहत नाही.

पण ‘ब्रेड्स’ हा शब्द आपल्याकडल्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर छापलेला असतो आणि तो चूक नाही. ‘इंडियन ब्रेड्स’ या मथळ्याखाली नान, रोटी, कुलचा यांची यादी असते. म्हणजे अनेकवचन नगांचे नाही, प्रकारांचे आहे. चहाचा व्यापारी ‘टीज’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आसाम आणि दार्जिलिंग असते, कप नसतात. ‘चीझेस’, ‘वाइन्स’, ‘ऑइल्स’ याच रांगेतले. फळ आणि मासा यांच्या बाबतीत हा नियम जास्तच लक्षात ठेवावा. रोजच्या बोलण्यात ‘ईट मोअर फ्रूट’, ‘टू फिश’. आणि वेगवेगळ्या जाती अभिप्रेत असतील तेव्हा ‘फ्रूट्स’, ‘फिशेस’.

आता पुन्हा लसणाकडे यावे लागेल, कारण ज्याला थेट आकडा लागत नाही ते मोजायचे असेल तर काय करायचे, हा प्रश्न शिल्लक आहे. इंग्रजी मध्ये एक मापाचा शब्द उभा करते. लसणाचा गड्डा म्हणजे ‘हेड ऑफ गार्लिक’, पाकळी म्हणजे ‘क्लोव्ह ऑफ गार्लिक’. मक्याचे कणीस ‘इअर ऑफ कॉर्न’, पुदिन्याची काडी ‘स्प्रिग ऑफ मिंट’, मिठाची चिमूट ‘पिंच ऑफ सॉल्ट’, तांदळाचा दाणा ‘ग्रेन ऑफ राइस’. या शब्दांची मराठीत तर रेलचेल आहे: कोथिंबिरीची जुडी, केळ्यांची फणी आणि घड, गुळाची ढेप आणि खडा, लोण्याचा गोळा, भाताची मूद. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्या भाषेला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. भात हा पदार्थ, शीत हा त्याचा नग.

पाककृती वाचताना हे मापाचे शब्द नीट बघावे लागतात. इंग्रजी कृतीत नुसते ‘थ्री क्लोव्ह्ज’ लिहिलेले असेल तर त्या तीन लवंगा आहेत. ‘थ्री क्लोव्ह्ज ऑफ गार्लिक’ किंवा ‘थ्री गार्लिक क्लोव्ह्ज’ असेल तर लसणाच्या तीन पाकळ्या. उच्चार आणि स्पेलिंग तंतोतंत तेच, पण हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेले आहेत. लसणाचा ‘क्लोव्ह’ हा जुना इंग्रजी, चिरणे आणि दुभंगणे या अर्थाच्या शब्दाचा नातलग. लवंगेचा ‘क्लोव्ह’ फ्रेंचमधून आला, मुळात अर्थ खिळा. लवंग खिळ्यासारखी दिसते म्हणून. घाईत वाचणाऱ्याने तीन पाकळ्यांच्या जागी तीन लवंगा घातल्या तर आमटीचे काय होईल ते सांगायला नको. अमेरिकन कृतीत ‘वन स्टिक ऑफ बटर’ आले तर तेही नक्की माप आहे. तिकडे लोणी पाव पौंडाच्या कांड्यांमध्ये बांधून मिळते, म्हणजे सुमारे 113 ग्रॅम, आठ मोठे चमचे. ब्रिटिश कृतीतला ‘नॉब ऑफ बटर’ मात्र अंदाजाचा. आपण ‘सुपारीएवढे लोणी’ म्हणतो त्या जातीचा.

मापाचा शब्द आला की आकडा आणि ‘स’ त्याला लागतात, पदार्थाला नाही: ‘थ्री कप्स ऑफ राइस’, ‘टू बार्स ऑफ चॉकलेट’. चॉकलेटपाशी आपली माणसे हटकून घसरतात, कारण मराठीत कागदात गुंडाळलेली वडी असो की लांब पट्टी, सगळे ‘एक चॉकलेट’. इंग्रजीत ‘अ चॉकलेट’ म्हणजे खोक्यातली एकच छोटी वडी. पट्टी हवी असेल तर ‘अ बार ऑफ चॉकलेट’ म्हणावे लागते, आणि चव किंवा पदार्थ म्हणायचा असेल तर नुसते ‘चॉकलेट’. केकचेही तसेच. ‘अ केक’ म्हणजे अख्खा, वाढदिवसाला कापायचा. बशीतला तुकडा म्हणजे ‘सम केक’ किंवा ‘अ पीस ऑफ केक’.

‘लेस’ आणि ‘फ्यूअर’ हा वाद याच झाडाची एक फांदी. साखर कमी ती ‘लेस शुगर’, अंडी कमी ती ‘फ्यूअर एग्ज’. 1770 साली रॉबर्ट बेकर या इंग्रज लेखकाने आपल्याला ‘फ्यूअर’ अधिक शोभून दिसते असे लिहिले आणि त्याची आवड पुढे पुस्तकी नियम बनली. लिहिताना हा नियम पाळावा. बोलताना इंग्रजच तो सतत मोडतात, त्यासाठी कोणाला टोकू नये.

ही सगळी व्यवस्था जन्माने इंग्रजी बोलणाऱ्याला कोणी शिकवत नाही, म्हणून तिची नीट मांडणी करण्यात बाहेरच्यांचा वाटा मोठा. ‘मास वर्ड’ हे नाव देऊन तिचा विचार ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने केला; त्याचा ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ हा ग्रंथ 1924 चा. आणि शब्दकोशात प्रत्येक नामापुढे ते मोजता येणारे की न येणारे याची खूण आली, तीही परक्या विद्यार्थ्यांसाठीच. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. जपानी भाषेत ‘अ’ नाही आणि नामाला अनेकवचनाचे रूप सहसा नसते, म्हणजे विद्यार्थ्यांची अडचण आपल्यापेक्षाही मोठी. हॉर्नबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला कोश 1942 मध्ये टोकियोत निघाला, 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो छापला, आणि त्याचेच वाढत गेलेले रूप आज विद्यार्थ्यांच्या टेबलावर असते. त्यात नामापुढे ‘सी’ म्हणजे काउंटेबल, ‘यू’ म्हणजे अनकाउंटेबल. पुष्कळ खाद्यपदार्थांपुढे दोन्ही अक्षरे एकत्र असतात. तिथे थांबून खालची उदाहरणे वाचावीत, कारण कोणत्या अर्थी ‘सी’ आणि कोणत्या अर्थी ‘यू’ हे तिथेच उलगडते.

आणि कोश हाताशी नसताना, ऐन जेवणाच्या टेबलावर शब्द अडला तर? इंग्रजीत काही शब्द दोन्ही गटांना चालतात: ‘सम’, ‘मोअर’, ‘इनफ’, ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेन्टी ऑफ’. ‘सम राइस’ही बरोबर, ‘सम लेंटिल्स’ही बरोबर. ‘मेनी’ की ‘मच’ हे ठरवत बसण्यापेक्षा ‘अ लॉट ऑफ’ म्हणावे. मात्र यांच्यापुढे काउंटेबल नाम आले आणि नग एकाहून जास्त असले तर त्याचा ‘स’ गाळू नये. ‘अ लॉट ऑफ अनियन’ म्हटले तर कढईभर चिरलेला कांदा, ‘अ लॉट ऑफ अनियन्स’ म्हटले तर कोपऱ्यात ठेवलेले पोते.